शेतकरी डिलीट केला आणि ट्रक गेले

पत्र :

ताई, नमस्कार. मी रावेर तालुक्यातला, घरची केळी आहे. तीन वर्षांपासून जळगावात एका छोट्या कंपनीत जावा भाषेत, स्प्रिंग बूट या साधनावर सॉफ्टवेअर लिहायचं काम करतो. आमच्याकडे एका केळी ग्रुपचं काम आलं, आणि गावाकडचा म्हणून साहेबांनी ते मला दिलं. शेतकरी, बाग, ट्रक, व्यापारी, वजनाच्या पावत्या आणि शेतकऱ्याचं पेमेंट एवढं सांभाळायचं होतं. मी शेतकऱ्यात ट्रकची यादी ठेवली, ट्रकमध्ये शेतकऱ्यांची, मधे मेनी-टू-मेनी, म्हणजे अनेकांचं अनेकांशी नातं. कॅस्केड (एका नोंदीवर केलेलं जोडलेल्या नोंदींवरही होणं) सगळीकडे ‘ऑल’, फेच (जोडलेली माहिती केव्हा आणायची) सगळीकडे ‘ईगर’, म्हणजे लगेच. टेस्टिंगला सगळं चाललं. गेल्या महिन्यात मुनीमजींनी एका शेतकऱ्याची दुबार नोंद डिलीट केली. तिच्याबरोबर ट्रक गेले, त्या ट्रकमधले दुसरे शेतकरी गेले, त्यांच्या पावत्याही गेल्या. शेतकऱ्यांची यादी तर सुरुवातीपासून इतक्या उशिरा उघडते की मुनीमजी तोवर वहीत बघून मोकळे होतात. आणि कधी कधी पावती यादीत टाकली तरी डेटाबेसमध्ये तिच्यापुढचा शेतकरी कोराच राहतो. जावातल्या वस्तू डेटाबेसच्या टेबलांत ठेवायचं काम हायबरनेट ही लायब्ररी करते. साहेब म्हणतात, हायबरनेट काढ, सगळं साध्या एसक्यूएलमध्ये, म्हणजे डेटाबेसच्या भाषेत, हाताने लिही. काय करू? वडिलांची केळीही त्याच ग्रुपला जाते. त्यांना तोंड दाखवायची लाज वाटते.

– एक वाचक, रावेर तालुका

भाऊ,

तुझं पत्र दोनदा वाचलं. पुढचं वाचण्याआधी एक काम कर : त्या सॉफ्टवेअरमधलं ‘डिलीट’ आजच्या आज बंद कर. नुसतं बटण लपवून भागणार नाही, मागे सर्व्हरवरची सोयही काढ. गेलेल्या पावत्यांचं काय करायचं ते शेवटी लिहिलं आहे, पण हौद गळत असताना पाणी भरण्यात अर्थ नाही.

साहेबांचं म्हणणं आधी घेते. हायबरनेट काढून सगळं हाताने लिहिलंस, तरी शेतकरी आणि ट्रक यांचं तू मांडलेलं नातं जसंच्या तसं तिकडे जाईल. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असं होईल ते. केळीच्या व्यवहारात कोण कोणाशी कसं बांधलेलं आहे हे तुला लहानपणापासून माहीत आहे, तरी कोडमध्ये ते वेगळंच उतरलं. मी रागावून सांगत नाही. आपल्याला शिकवतातच तसं : आधी वर्ग (क्लास) लिहा, मग त्यांच्यामध्ये बाण काढा. बाण कशासाठी, हा प्रश्न कोणी विचारत नाही.

बागेच्या बांधावर जाऊन बघ. मजूर घड कापून आणतायत, काट्यावर ठेवतायत, ट्रकच्या तळाला केळीची पानं अंथरली आहेत. तुझे वडील काट्यापाशी उभे आहेत आणि त्यांची नजर काट्यावरच्या आकड्यावर आहे. माल भरून ट्रक निघाला की त्यांच्या हातात एक कागद उरतो. त्यावर तारीख, गाडी नंबर, एकूण वजन, दांड्याची वजावट, भाव. तो ट्रक पुढे दिल्लीला जातो की आणखी कुठे, याच्याशी त्यांचा संबंध संपला. तुझ्या वडिलांचं आणि त्या ट्रकचं जे काही नातं आहे, ते सगळं त्या एका पावतीवर लिहिलेलं आहे.

तू शेतकरी आणि ट्रक थेट जोडलेस आणि मधलं जोड-टेबल हायबरनेटला बनवू दिलंस. उघडून बघ ते टेबल. दोनच कॉलम असतील : शेतकऱ्याचा आयडी आणि ट्रकचा आयडी. वजन कुठे ठेवणार? भाव कुठे? म्हणून तू पावतीचं वेगळं टेबल केलंस आणि ते नुसतं शेतकऱ्याखाली लावलंस. म्हणजे एकाच घटनेच्या दोन नोंदी झाल्या, एक जोड-टेबलात आणि एक पावतीत, आणि त्या दोघींची एकमेकींशी ओळख नाही. सकाळी एका बागेतून आणि दुपारी दुसऱ्या बागेतून त्याच शेतकऱ्याचा माल त्याच ट्रकमध्ये चढला, तर कोणतं वजन कुठल्या बागेचं हे त्या दोन कॉलमांना सांगता येत नाही. पावतीला सांगता येतं.

तेव्हा ती मेनी-टू-मेनी काढ. पावतीला मधोमध बसव आणि तिच्याकडून दोन मेनी-टू-वन (अनेक पावत्यांचं एकाशी नातं) काढ : एक लागवडीकडे, एक फेरीकडे.

फेरी असं मुद्दाम लिहिलं, ट्रक असं लिहिलं नाही. एमएच १९ची तीच गाडी आज एका व्यापाऱ्याचा माल नेते, परवा दुसऱ्याचा. पावतीला गाडीशी बांधलंस तर परवाचा व्यापारी आजच्या पावतीत दिसायला लागेल. गाडी वेगळी, तिची आजची फेरी वेगळी, आणि व्यापारी फेरीला जोडलेला.

लागवडीचंही तसंच, आणि इथे घाई करू नकोस, कारण पैसे कोणाला द्यायचे ते इथे ठरतं. गट नंबर तोच राहतो, पण त्यात आज मृगबाग (पावसाळ्याच्या सुरुवातीला लावलेली केळी) आहे, नंतर तिचाच पिलबाग (तिच्याच पिलांपासूनचं पुढचं पीक) येईल, त्यानंतर तिथे कापूसही असेल. जमीन एकाच्या नावावर आणि बटाईने करणारा दुसराच, हे तर आपल्याकडे गावोगाव आहे. पावती थेट शेतकऱ्याला जोडलीस की शेतकरी म्हणजे जमिनीचा मालक की केळी पिकवणारा, हा वाद पेमेंटच्या दिवशी काउंटरवर उभा राहतो. लागवडीची नोंद करतानाच गट, हंगाम, करणारा आणि पेमेंट कोणाच्या खात्यावर हे सगळं घे. पावती फक्त लागवड ओळखेल, बाकीचं तिच्यामागून मिळेल.

भावाचं उलटं आहे. भाव पावतीवर आकडा म्हणूनच उतरव, भावाच्या टेबलाकडे बाण काढू नकोस. कोणीतरी उद्या त्या टेबलातला आकडा दुरुस्त करेल आणि तुझ्या महिनाभराच्या जुन्या पावत्यांच्या रकमा बदलतील. काट्यावर ठरलेला भाव त्या क्षणापुरता ठरलेला असतो, तो तसाच गोठवून ठेवायचा.

एक अनुभव सांगते. २००८ साली मी एका पतसंस्थेच्या कर्जविभागाचं सॉफ्टवेअर लिहिलं. सभासद आणि जामीनदार यांचं नातं मी थेट जोडलं : सभासदाला सभासद, त्याच टेबलात, मेनी-टू-मेनी. रेखाटलेलं बघून फार बरं वाटलं होतं. दीड वर्षाने एक आजोबा संस्थेत आले. पुतण्याला जामीन राहिले होते, पुतण्याने कर्ज फेडलं होतं, आणि आता विहिरीच्या मोटारीसाठी त्यांना स्वतःला कर्ज हवं होतं. स्क्रीनवर ते अजून पुतण्याचे जामीनदारच दिसत होते, त्यामुळे अर्ज पुढे सरकेना. मी तेव्हा तिथेच होते. ते टोपी हातात घेऊन, पुतण्याची बेबाकी पावती समोर धरून उभे होते आणि काउंटरवरचा मुलगा म्हणत होता, ‘आजोबा, कॉम्प्युटर घेत नाही.’ माणूस माणसाला जामीन नसतो, एका ठरावीक कर्जाला जामीन असतो, आणि कर्ज मिटलं की जामीनही मिटतो. ‘जामीन’ ही मी एक स्वतंत्र नोंद करायला हवी होती : कोणत्या कर्जाला, किती रकमेपर्यंत, कधीपासून, कधीपर्यंत. ते दुरुस्त करायला मला तीन आठवडे लागले. आजोबांचं कर्ज त्याआधी मॅनेजरांनी हाताने मंजूर केलं, पण त्यांना दोन हेलपाटे पडलेच.

तेव्हापासून कुठल्याही नात्याबद्दल बोलताना कोणी आकडा, तारीख किंवा अट सांगितली, की मी त्या नात्याला स्वतःचं टेबल देते. आणि नाव धंद्यातलं देते. ‘शेतकरी-ट्रक-मॅपिंग’ असलं नाव मुनीमजींना वाचून दाखव, त्यांना काही कळणार नाही. ‘पावती’ म्हण, ते लगेच सांगतील की तुझ्या पावतीत काय राहिलंय.

हे मला कॉलेजात कळायला हवं होतं, कारण घरात रोज समोर होतं. माझे वडील, आम्ही त्यांना नाना म्हणायचो, अमळनेर तालुक्यात तलाठी होते. दप्तर घरी यायचं. सकाळी ओट्यावर कोणीतरी बसलेलं असायचं आणि प्रश्न ठरलेला : ‘नाना, हाई जमीन कोनी शे?’ (ही जमीन कोणाची आहे?) नाना एका कागदावर कधीच उत्तर द्यायचे नाहीत. सातबारा काढायचे, खातेदाराच्या नावाजवळचा फेरफार नंबर बघायचे, आणि मग गाव नमुना सहा म्हणजे फेरफाराची वही उघडायचे. जमीन आणि माणूस यांचं नातं त्या वहीत एक स्वतंत्र नोंद म्हणून बसलेलं असतं. तिला नंबर असतो, तारीख असते, कारण असतं : खरेदी, वारस, वाटणी, बोजा. हितसंबंधितांना नोटीस निघते, हरकतीला पंधरा दिवस मिळतात, मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. एका गटात अनेक खातेदार, एका खातेदाराचे अनेक गट, म्हणजे तुझ्या भाषेत चक्क मेनी-टू-मेनी. पण महसूल खात्याने दोन कॉलमांचं जोड-टेबल कधी केलं नाही. फेरफार केला.

आणि खोडणं? खातेदार वारला किंवा त्याने जमीन विकली, तर सातबाऱ्यावरचं त्याचं नाव पुसत नाहीत. त्याला कंस करतात. नाव वाचता येतं, कोणत्या फेरफाराने कंस झाला तेही कळतं, फक्त आता त्याचा हक्क चालत नाही. दुबार शेतकऱ्याची नोंद मुनीमजींना काढायची होती तेव्हा तुझ्या सॉफ्टवेअरने त्यांना कंसाची सोय द्यायला हवी होती. एक स्थितीचा कॉलम, बंद केल्याची तारीख, कोणी केलं, आणि ‘खरी नोंद कोणती’ हे सांगणारा दुवा.

आता तुझ्या घरात आग कशी पसरली ते बघू. ‘कॅस्केड ऑल’मध्ये रिमूव्ह, म्हणजे डिलीटही, येतं. शेतकरी डिलीट झाला, त्याच्या यादीतले ट्रक डिलीट झाले. ट्रकवरही कॅस्केड ऑल होतं, म्हणून त्याच्या यादीतले बाकीचे शेतकरी. त्यांच्याकडून त्यांच्या पावत्या आणि त्यांचे आणखी ट्रक. धागा जिथवर जोडलेला होता तिथवर हे जात राहतं. हायबरनेटने चूक केली नाही, तू लिहिलेलं अक्षरशः पाळलं. कॅस्केड नसतं तर डेटाबेसच आडवा आला असता : या शेतकऱ्याच्या नावावर पावत्या आहेत, फॉरेन की (दुसऱ्या टेबलातल्या नोंदीकडे बोट दाखवणारा कॉलम) आहे, काढता येणार नाही. तो नकार त्या दिवशी तुला हवा होता.

मी शिकले तेव्हा ईजेबी २.० होतं, २००१ सालचं, डेटाबेसच्या नोंदी जावात हाताळायची जुनी व्यवस्था. नाती जावाच्या कोडमध्ये नसायची, एका लांबलचक एक्सएमएल फाइलमध्ये जाहीर करायची आणि ती कंटेनर, म्हणजे आपला कोड चालवणारा सर्व्हर, सांभाळायचा. फार किचकट होतं, मला त्याचं कौतुक करायचं नाही. पण त्यात एक नियम होता : कॅस्केड-डिलीट लावायचं तर समोरच्या बाजूची संख्या ‘एक’ असली पाहिजे. म्हणजे ज्या गोष्टीला एकच धनी आहे, तीच धन्याबरोबर जाऊ शकते. ट्रकला अनेक शेतकरी असतील तर एका शेतकऱ्याबरोबर त्याने जायचं नाही. २००६मध्ये जेपीए आलं, त्याच कामाचं नवं प्रमाण, हायबरनेट तेच पाळतं. त्याच्या स्पेसिफिकेशनमध्येही रिमूव्हचं कॅस्केड फक्त वन-टू-वन आणि वन-टू-मेनीवर लावा असं लिहिलं आहे, दुसरीकडे लावाल तर तुमचं अ‍ॅप्लिकेशन पोर्टेबल राहणार नाही असंही म्हटलंय. पण मेनी-टू-मेनीवर तुम्ही ते लिहिलंत तर हायबरनेट हात धरत नाही. जुन्या व्यवस्थेतली ती भिंत गेली आणि तिची जबाबदारी आपल्यावर आली, हे शिकवणाऱ्यांनी नीट सांगितलं नाही.

म्हणून कॅस्केड लावताना मी मोठ्याने विचारते : हा गेला तर तो एकटा जगेल का? तुझ्याकडे शेतकऱ्याची पट्टी (त्याच्या पेमेंटचा हिशेब) आहे, आणि पट्टीवर वजावटीच्या ओळी आहेत, हमालीची एक, उचलीची एक. पट्टीशिवाय त्या ओळीला काही अर्थ नाही. तिथे कॅस्केड ऑल लाव, ऑर्फन रिमूव्हलही लाव (ते जेपीए २.० मध्ये, २००९ साली आलं). ओळ यादीतून काढली की डेटाबेसमधूनही निघून जाईल, बरोबर तेच हवंय. पण पट्टीत ज्या पावत्यांचा हिशेब आहे, त्या पावत्या पट्टीच्या नाहीत. पट्टी रद्द झाली तरी केळी तर काट्यावर चढली होती. पट्टी ते पावती कॅस्केड शून्य. शेतकरी ते लागवड शून्य, फेरी ते पावती शून्य. तुझ्या सगळ्या मॉडेलमध्ये मला रिमूव्हच्या कॅस्केडची फार तर दोन ठिकाणं दिसतात.

कोऱ्या शेतकऱ्याचं कोडं याच धाग्यातलं आहे. तू शेतकऱ्याच्या यादीत पावती टाकतोस आणि शेतकरी सेव्ह करतोस. पण शेतकऱ्याकडच्या यादीवर ‘मॅप्डबाय’ लिहिलेलं आहे. मॅप्डबाय म्हणजे ‘माझ्याकडे बघू नका, खरी नोंद समोर आहे.’ फॉरेन कीचा कॉलम पावतीच्या टेबलात असतो, त्यामुळे मालक बाजू पावतीची. पावतीमधला शेतकरी तू भरला नाहीस, तर हायबरनेट पावती लिहितं आणि तो कॉलम रिकामा ठेवतं.

नानांच्या दप्तरात आठ-अ असायचा : एका खातेदाराच्या नावावर गावात कोणकोणते गट आहेत, त्याचा एकत्र उतारा. फार सोयीचा कागद. पण तो सातबाऱ्यांवरून जुळतो. कोणी नुसत्या आठ-अवर एक गट वाढवून आणला, आणि त्या गटाच्या सातबाऱ्यावर त्याचं नाव नसेल, तर त्या कागदाने जमीन मिळत नाही. शेतकऱ्याकडची पावत्यांची यादी म्हणजे तुझा आठ-अ. वाचायला चांगली, लिहायची जागा ती नव्हे.

ईजेबी २.०मध्ये एका बाजूला बदल केला की दुसरी बाजू कंटेनर स्वतः जुळवायचा. जेपीएमध्ये साधे वर्ग आले, ते हलके झाले, टेस्ट करायला सोपे झाले, आणि त्या बदल्यात दोन्ही बाजू जुळवणं आपल्या अंगावर आलं. इलाज छोटा आहे. शेतकऱ्याच्या वर्गात ‘पावती जोड’ अशी एक मेथड लिही. ती यादीतही टाकेल आणि पावतीमधला शेतकरीही भरेल. यादी बाहेर उघडी देऊ नकोस, म्हणजे दुसरा कोणी थेट तीत काही टाकणार नाही. आणि डेटाबेसमध्ये तो कॉलम ‘नॉट नल’ कर, म्हणजे तो रिकामा चालणारच नाही. जावा विसरली तरी टेबल विसरणार नाही. नवीन मांडणीत पावती लागवडीकडे जाईल तेव्हा हेच तिथे कर.

त्याआधी मात्र स्वतःला विचार की ती यादी हवीच आहे का. पावतीकडून लागवड कळते, तेवढं बहुतेक वेळा पुरतं. एका लागवडीच्या पावत्या हव्यात तेव्हा क्वेरी (डेटाबेसला विचारायचा प्रश्न) लिही. दोन्हीकडून जोडलेलं नातं जपावं लागतं. एकीकडून जोडलेल्याला कमी जपावं लागतं. मी हल्ली सुरुवात नेहमी मेनी-टू-वनने करते आणि उलटी यादी कोणी मागितली तरच देते.

यादी उशिरा उघडते त्याचं कारण तुझ्या डोळ्यांनी बघ. एसक्यूएलचा लॉग चालू कर, शेतकऱ्यांची यादी एकदा उघड, आणि लॉगमध्ये ‘सिलेक्ट’ने सुरू होणाऱ्या ओळी मोज. चारशे शेतकरी असतील तर पहिली क्वेरी शेतकऱ्यांची, मग प्रत्येकाच्या ट्रकची एक, प्रत्येकाच्या पावत्यांची एक. आठशेच्या वर गेलं, आणि ट्रकमधल्या शेतकऱ्यांच्या याद्या मी धरल्याही नाहीत. तुला स्क्रीनवर हवं होतं फक्त नाव, गाव आणि बाकी रक्कम. ईगर म्हणजे मालक बाजारात पिशवी घेऊन गेला की घरच्या सगळ्यांनी त्याच्यामागे निघायचं.

सगळीकडे लेझी कर, म्हणजे जोडलेली माहिती मागितल्यावरच येईल. लक्षात ठेव, यादीची नाती मुळात लेझीच असतात, पण मेनी-टू-वन आणि वन-टू-वन स्पेसिफिकेशनप्रमाणे ईगर असतात. तिथे लेझी हाताने लिहावं लागतं. मग ज्या पानावर जे हवं तेवढंच त्या पानाच्या क्वेरीत ‘जॉइन फेच’ने, म्हणजे त्याच क्वेरीत जोडून, आण. दोन याद्या एकाच क्वेरीत जॉइन फेच करू नकोस. लिस्ट असतील तर हायबरनेट एरर देईल. सेट असतील तर एरर येणार नाही, पण वीस पावत्या आणि बारा वजावटी असलेल्या एका शेतकऱ्याच्या दोनशे चाळीस ओळी डेटाबेसमधून येतील. लेझी केल्यावर काही पानांवर ‘लेझी इनिशियलायझेशन’ची एरर दिसण्याची शक्यता आहे, किंवा दिसणारही नाही, कारण स्प्रिंग बूट वेबच्या विनंतीभर सेशन (हायबरनेटचं डेटाबेसशी चाललेलं बोलणं) उघडं ठेवतो. तो ‘ओपन इन व्ह्यू’ मुळातच चालू असतो. मी तो बंद करते. एरर आली की कोणतं पान काय मागतंय ते कळतं. तो चालू ठेवला की क्वेऱ्या गुपचूप वाढत जातात.

आणि इथे तुझ्या साहेबांचं अर्धं खरं आहे. ग्रुपला महिन्याचा हिशेब हवा, गावनिहाय वजन हवं, व्यापाऱ्याकडून येणं हवं, ते सरळ एसक्यूएलमध्ये लिही, निकाल एका साध्या वर्गात घे. त्यासाठी एंटिटी (टेबलांना जोडलेले जावाचे वर्ग) गोळा करत बसू नकोस. टेबलांना बाण कळत नाहीत, संगणकशास्त्रज्ञ एडगर कॉडने १९७०मध्ये मांडलेल्या रिलेशनल मॉडेलमध्ये सगळा संबंध मूल्यांच्या जुळणीतून येतो, आणि बेरजा-वाटण्यांसाठी तीच पद्धत ताकदीची आहे. पावती नोंदवणं, पट्टी तयार करणं, पट्टी रद्द करणं, जिथे नियम पाळायचे आहेत, तिथे एंटिटी ठेव. साहेबांना दोन्ही कागदावर मांडून दाखव, आठशे सिलेक्टचा लॉगही छापून ने. आकडा समोर असला की बोलणं लवकर संपतं.

शेतकऱ्याची ओळख हा एक मुद्दा राहिला. दुबार नोंद मुळात झाली का? तुमच्या गावांत एकाच नावाचे, वडिलांचं नावही तेच, असे दोघे-तिघे सहज निघतात, आणि त्याच्या उलट एकच माणूस कधी पूर्ण नावाने, कधी घरच्या नावाने लिहिला जातो. मोबाइल नंबर प्रायमरी की (नोंदीची मुख्य ओळख) करू नकोस, नंबर बदलतो आणि बापलेक एकच वापरतात. आयडी आपला अर्थहीन आकडाच ठेव. नवीन शेतकरी घेताना गाव आणि नाव टाकलं की जवळची नावं मुनीमजींना दाखव, त्यांना माणसं चेहऱ्याने माहीत आहेत.

आता गेलेल्या पावत्या. डिलीटच्या आधीचा शेवटचा बॅकअप वेगळ्या डेटाबेसमध्ये उघड, चालू डेटाबेसवर तो उतरवू नकोस, नाहीतर त्यानंतर आलेला माल जाईल. तिथून गेलेल्या ओळी नवीन मांडणीत आण. दुबार शेतकऱ्याच्या पावत्या खऱ्या शेतकऱ्याच्या लागवडीला जोड, दुबार नोंदीला कंस कर. बॅकअप आणि डिलीट यांच्या मधल्या दिवसांच्या पावत्या मात्र कुठल्याच डेटाबेसमध्ये नसतील. त्या कागदावरून भराव्या लागतील, ग्रुपच्या पुस्तकातून आणि शेतकऱ्यांच्या घरातून.

म्हणून आज संध्याकाळी घरी जा आणि वडिलांना खरं काय झालं ते सांग. त्यांच्याइतकी पावती जपणारा दुसरा कोणी नसतो, आणि बाकीच्या शेतकऱ्यांना निरोपही त्यांच्या तोंडून लवकर पोचेल. इलेक्ट्रॉनिक काट्याच्या छापील पावत्या थर्मल कागदावर असतील, तर त्या आधी गोळा कर आणि त्याच दिवशी मोबाइलवर फोटो काढ. आपल्याकडच्या उन्हात, गाडीच्या डॅशबोर्डवर किंवा पत्र्याखालच्या कपाटात राहिल्या, तर त्यांच्यावरचं छापील फार दिवस टिकत नाही.

– ताई